घोषणेपासून खात्यापर्यंत

२०२३च्या दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या आशा स्वयंसेविका आणि त्यांचे अहवाल गोळा करणाऱ्या गटप्रवर्तक यांचा संप मिटला. १८ ऑक्टोबरला सुरू झालेला हा संप तेवीस दिवस चालला होता. आशांना महिन्याला सात हजार रुपयांची वाढ आणि दिवाळीनिमित्त दोन हजार रुपयांची भेट, अशी घोषणा तेव्हाचे आरोग्यमंत्री तानाजी सावंत यांनी केली. टीव्हीवर पट्ट्या झळकल्या, वर्तमानपत्रांत मथळे आले. मात्र पुढचे दोन महिने या वाढीचा शासन निर्णय काही निघाला नाही. १२ जानेवारी २०२४ला संप पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारीत हजारो आशा मुंबईला येऊन आझाद मैदानात बसल्या. अखेर १४ मार्चला शासन निर्णय निघाला. त्यात वाढ सात हजारांची नव्हती, पाच हजारांची होती, आणि ती नोव्हेंबर २०२३पासून लागू धरली होती. दोनच दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. निर्णय आणखी आठवडाभर रेंगाळला असता, तर निवडणूक संपेपर्यंत थांबण्याची वेळ आली असती.

या चार महिन्यांत आशांच्या संघटनांनी मोर्चे काढले, धरणं धरलं, निवेदनं दिली. ते सगळ्यांना दिसलं. न दिसलेलं काम वेगळंच होतं. राज्यभर गावोगाव पसरलेल्या सत्तर हजारांहून अधिक बायकांना आपला पैसा नेमका कुठे अडकला आहे, हे रोजच्या रोज खरं सांगत राहणं हे ते काम. माझ्या मते आरोग्य क्षेत्रातल्या संघटनेचं हेच काम सगळ्यांत कठीण आहे आणि त्याचीच दखल सगळ्यांत कमी घेतली जाते.

ते इतकं कठीण का, हे कळायला आशाची कमाई कशी ठरते ते पाहावं लागतं. सरकारच्या लेखी आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक बाई निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचं आणि केलेल्या कामागणिक मोबदला द्यायचा, अशी त्यामागची योजना होती. त्यामुळे तिच्या कमाईचे डझनावारी तुकडे आहेत. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन त्याचं वजन, तापमान, अंगावर पिणं बघायचं. या सहा भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचं झालं की ७५. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेतल्या बाईची गरोदरपणातली तपासणी आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांचे मिळून ६००. कुष्ठरोगी शोधून दिला तर वेगळे, त्याचे उपचार पूर्ण करून घेतले तर आणखी वेगळे. क्षयरोगाचं खातं निराळं, कुटुंबनियोजनाचं निराळं.

याशिवाय दर महिन्याचा एक ठरावीक मोबदला असतो. ऑक्टोबर २०१८पासून केंद्राने तो २,००० रुपये केला. त्या दोन हजारांचेही तुकडेच होते: गावातल्या आरोग्य व पोषण दिवसाचे २००, ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीचे १५०, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीचे १५०, आणि कुटुंबांची यादी, गरोदर मातांची यादी, लसीकरणाला आलेल्या मुलांची यादी अशा पाच प्रकारच्या नोंदींचे प्रत्येकी ३००. एक बैठक चुकली किंवा एक यादी अपुरी राहिली की तेवढे कापले जातात.

राज्य सरकारची भर याच्यावर. जुलै २०२०पासून आशांना दोन हजार आणि गटप्रवर्तकांना तीन हजारांची वाढ मिळाली. १५ जून २०२१ला, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, संप सुरू झाला आणि जुलैपासून आशांना हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. पंधराशे मिळाले, असंच बहुतेकींच्या कानावर गेलं. पण त्यातले हजार टिकणारे होते आणि पाचशे साथीला बांधलेले. हा फरक त्याच दिवशी समजावून सांगितला नाही, तर भत्ता थांबल्यावर पगार कापल्याची ओरड होते आणि खापर संघटनेवर फुटतं.

हा पैसा एका वाटेने येत नाही. अभियानाच्या निधीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. राज्याने स्वतःच्या तिजोरीतून दिलेली वाढ आणखी वेगळ्या लेखाशीर्षाखाली येते. आशा महिनाअखेरीस आपला कामाचा अहवाल भरते. तो गटप्रवर्तक तपासते, मग आरोग्य सेविका आणि वैद्यकीय अधिकारी सह्या करतात. पुढे तालुका समूह संघटक, तालुक्याचे लेखापाल, जिल्हा. तिकडून, निधी आला असेल तर, रक्कम थेट तिच्या बँकखात्यात. मोबाइलवर बँकेचा एक संदेश येतो: इतके रुपये जमा. हे कुठल्या महिन्याचे, केंद्राचे की राज्याचे, सहा भेटींचे धरले की नाही, यातलं एक अक्षरही त्या संदेशात नसतं. तीन महिन्यांचं एकदम आलं तर हिशेब लावणं जवळजवळ अशक्य होतं.

आणि म्हणूनच आशांच्या मोबाइलवरच्या गटात रोज सकाळी एकच प्रश्न येतो: ‘ताई, मानधन पडलं का कुणाला?’

शेजारच्या तालुक्यात पैसे पडले आणि आपल्याकडे नाही, असं कळलं की कुजबुज सुरू होते. आपल्या तालुक्याची बिलं उशिरा गेली? की जिल्ह्यालाच निधी आला नाही? की राज्याकडूनच सुटला नाही? उत्तरागणिक दार बदलतं. बिलं तालुक्यात अडकली असतील तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला भेटायचं, जिल्ह्यात अडकली असतील तर जिल्हा परिषदेवर जायचं, राज्यात निधीच नसेल तर या दोघांपुढे घोषणा देण्यात दिवस वाया जातो. संघटनेची जाणती कार्यकर्ती पहिल्यांदा हेच शोधते. ती लेखा विभागात जाऊन शांतपणे विचारते: निधी आलाय का, कुठल्या महिन्यापर्यंतचा, कुठल्या शीर्षाखाली? आणि कळलेलं उत्तर जसंच्या तसं गटात टाकते. ‘जिल्ह्याला निधी आलेला नाही. सोमवारी पुन्हा विचारणार.’ अशा दोन ओळींनी शंभर फोन वाचतात.

आशांच्या संघटनेची वीण आरोग्य केंद्राच्या रचनेवरच बेतलेली आहे. सपाट भागात साधारण तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे एका केंद्राला वीस-तीस आशा. मासिक बैठकीला त्या एकत्र येतात. बैठक सरकारी कामाची. पण ती संपल्यावर बाहेरच्या झाडाखाली किंवा एसटीची वाट बघताना जी बोलणी होतात, तीच संघटनेची खरी शाखा. तिथे ज्या एकीला वाचून सांगता येतं, ती नकळत प्रतिनिधी होते. पुढे तालुका, जिल्हा आणि मग राज्य. सिटू, आयटक आणि इतर संघटना मिळून झालेली कृती समिती वाटाघाटीला बसते.

यात गटप्रवर्तकांची जागा फार नाजूक आहे. एका गटप्रवर्तकाकडे वीस-पंचवीस आशा असतात. त्यांचा अहवाल तीच गोळा करते, कार्यालयाचे निरोप तीच पोचवते, आणि संपात तीच त्यांच्याबरोबर रस्त्यावर असते. तिला मिळणारी रक्कमही मुळात गावभेटींवर मोजलेली, त्यातली बरीचशी फिरण्यातच खर्च होणारी. ‘कामावर हजर व्हा, नाहीतर कार्यमुक्त करू’ असं पत्र संपाच्या काळात आलं, तर ते आशांच्या हाती द्यायचं तिनेच आणि त्याला घाबरू नका हे सांगायचंही तिनेच. म्हणून संघटनेने दिलेला निरोप लेखी, तारखेसह आणि नावासह असावा लागतो. नाहीतर ‘मॅडम म्हणाल्या’ एवढ्यावर साहेबांचा निरोप आणि संघटनेचा निरोप यांची गल्लत होते. मार्च २०२४च्या निर्णयात आशांएवढी वाढ गटप्रवर्तकांच्या वाट्याला आली नाही. एकाच संपात उतरलेल्या दोघींपैकी एकीला मिळालं आणि दुसरीला थांबावं लागलं, हे गटात सांगणं सोपं नसतं. ते न सांगता नुसती विजयाची मिरवणूक काढणं मात्र अन्यायाचं झालं असतं.

मोबाइलने निरोप जलद केला, त्याबरोबर अफवाही जलद केली. दोन वर्षांपूर्वीच्या बातमीचं कात्रण तारीख कापून फिरतं. दुसऱ्या राज्याचा आदेश महाराष्ट्राचा म्हणून येतो. अंगणवाडी सेविकांचा निर्णय आशांच्या नावावर खपतो. इथे संघटना एक साधी गोष्ट शिकवू शकते: शासन निर्णय वाचायचा कसा. ही विद्या सगळ्याच सरकारी योजनांत राबणाऱ्यांच्या उपयोगाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शासन निर्णयाच्या माथ्यावर विषय, विभाग, क्रमांक आणि दिनांक असतो. त्याखाली ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते; नवा आदेश कुठल्या जुन्या आदेशात बदल करतो ते तिथे कळतं. प्रस्तावना लांबलचक असते, तिच्यात अडकायचं नाही. ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखालचा मजकूर महत्त्वाचा. तिथे तीन गोष्टी शोधायच्या. रक्कम किती, आणि ती सरसकट आहे की कामाच्या अटीवर. लागू कधीपासून, निर्णयाच्या तारखेपासून की मागच्या तारखेपासून. मागच्या तारखेपासून असेल तर फरकाची रक्कम येणं निघते. मार्च २०२४चा निर्णय नोव्हेंबर २०२३पासून लागू असल्याने मार्चअखेर पाच महिन्यांचे पाच-पाच हजार हिशेबात धरावे लागले. आणि तिसरी गोष्ट, खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली भागवायचा. हे शीर्ष आणि वित्त विभागाच्या सहमतीचा संदर्भ या दोन ओळी कोरड्या वाटतात, पण पैसा तिथूनच निघतो. मंत्र्यांनी सभेत सांगितलेल्या आकड्यामागे या दोन ओळी नसतात, तोवर तो आकडा खात्यात येत नाही. शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने केलेली डिजिटल सही आणि एक लांब संगणक सांकेतांक असतो. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांत वर्ष, महिना आणि दिवस दडलेले असतात. तो सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की कागद खरा की बनावट ते मिनिटभरात कळतं. दहावी शिकलेल्या आशाला हे एकदा दाखवलं की पुरतं. लसीकरणाचं गुंतागुंतीचं वेळापत्रक जी तोंडपाठ सांगते, तिला लेखाशीर्ष कळणार नाही, असं समजणं हा तिचा अपमान आहे.

मजुरी आणि माहिती यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा ते ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्रही चालवत होते. कामाचे तास, सुट्टी, मजुरी मिळायला होणारा उशीर या तक्रारी आधी छापून यायच्या, चाळीत मोठ्याने वाचल्या जायच्या, मग सभेत ठराव व्हायचे. १८९०मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे सभा होत्या तशीच ही छपाईही होती. आज त्या मोठ्याने वाचण्याची जागा मोबाइलवरच्या आवाजी निरोपाने घेतली आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात किंवा मेळघाटात रेंज मिळेल तेव्हा उतरवून घेतलेला, तिथल्या बोलीत सांगितलेला तीन मिनिटांचा निरोप दहा पानी परिपत्रकापेक्षा जास्त काम करतो.

खरी परीक्षा असते ती वाईट बातमी सांगण्याची. सातचे पाच झाले, हे सांगायचं कसं? कुणी म्हणेल, आधी घोषणा झालेली होती तर सात मिळेपर्यंत बसून राहायला हवं होतं. कुणी म्हणेल, संपाच्या दिवसांत कामागणिक मिळणारा मोबदला बुडतो आहे, पोरांच्या फिया थकल्या आहेत, आचारसंहिता उंबऱ्यावर आहे, पदरात पडतंय ते घ्या. दोन्ही बाजूंना जोर होता. मला दुसरी बाजू पटते. पण माझ्या पटण्याला अर्थ नाही, कारण पैसा आणि पोट माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांच्यासमोर दोन्ही बाजू आकड्यांनिशी मांडल्या गेल्या की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा.

याबाबत ब्रिटनमधल्या नर्सेसचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत भारतातून गेलेल्या नर्सेस मोठ्या संख्येने आहेत, म्हणून तो आपल्याला अगदीच परका नाही. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या त्यांच्या जुन्या संघटनेने डिसेंबर २०२२मध्ये पगारासाठी आजवरचा सगळ्यांत मोठा संप केला. मार्च २०२३मध्ये सरकारने पाच टक्के वाढ आणि मागच्या वर्षासाठी एकरकमी पैसे देऊ केले. नेत्यांनी सभासदांना ते स्वीकारा असा सल्ला दिला. मतदान झालं, आणि ५४ टक्के सभासदांनी सल्ला धुडकावला. पण संप पुढे चालू ठेवायला कायद्याने नवं मतदान घ्यावं लागत होतं, तेही टपालाने, आणि निम्म्याहून कमी सभासदांनी मत दिलं तर ते रद्द. जूनमध्ये निकाल लागला. मत देणाऱ्यांपैकी ८४ टक्के संपाच्या बाजूने होते, पण मतदान झालं होतं ४३ टक्केच. लढा तिथेच थांबला. बहुसंख्य बाजूला असूनही हार झाली, कारण अर्ध्याहून अधिक लिफाफे परत आलेच नाहीत. आपल्याकडे आशांना अशा टपाली मतदानाचं बंधन नाही. निर्णय जिल्ह्याच्या बैठकांतून आणि मैदानातल्या सभेतून होतो. त्यात वेग आहे, ऊब आहे. पण जी मुंबईला येऊ शकली नाही, जिच्या घरी तान्हं मूल आहे, तिचं मत कुठे मोजलं गेलं, हा सवाल राहतोच. केंद्रानिहाय हात वर करून मोजणी करावी, आकडा वहीत लिहावा आणि तो तालुक्याला कळवावा. याला कायदा लागत नाही.

हक्कांबद्दल काय बोलायचं, यालाही हीच काटेकोर शिस्त हवी. २०१३च्या ४५व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांत काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे सांगावं लागतं. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी द्यावी, असा निकाल दिला. तो मोठा निकाल आहे, आशांच्या बाजूने युक्तिवाद करताना वकिलांना कामी येईल असा. मात्र तो अंगणवाडीपुरता आहे. आशांना ग्रॅच्युइटी लागू झाली, असा निरोप फिरवला तर कार्यालयात अर्ज घेऊन गेलेली बाई अपमानित होऊन परत येते, आणि पुढच्या वेळी खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाही. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. त्या सन्मानाने छाती फुगली, ती फुगायलाच हवी होती. खात्यातल्या रकमेशी त्याचा संबंध नव्हता.

ताजं उदाहरण केंद्राच्या मोबदल्याचं. मार्च २०२५मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या सुकाणू गटाच्या बैठकीत महिन्याचा ठरावीक मोबदला २,००० वरून ३,५०० करण्याचं ठरलं. सर्वसामान्यांना ते कळलं जुलैमध्ये, संसदेतल्या लेखी उत्तरातून. दहा वर्षं काम करून बाहेर पडणाऱ्या आशाला मिळणारी रक्कमही २० हजारांवरून ५० हजार करण्याचं त्यात होतं. ठरलं मार्चमध्ये, कळलं जुलैमध्ये, आणि प्रत्येक राज्याने आपल्या खर्चात ते बसवून खात्यात टाकायचं त्यानंतर. अशी बातमी गटात टाकताना जबाबदार कार्यकर्ती तीनच वाक्यं लिहिते: काय ठरलं, ते कुठल्या कागदावर आहे, आणि आपल्या राज्याचा आदेश निघाला की नाही. ‘लवकरच मिळणार’ हे चौथं वाक्य ती लिहीत नाही.

सरकारने मनात आणलं तर यातलं बरंच ओझं एका कागदाने उतरेल. आशाच्या खात्यात रक्कम पडते तेव्हा तिच्या मोबाइलवर कामनिहाय तपशील यावा: अमुक महिना, इतक्या बाळांच्या भेटी, इतकं लसीकरण, केंद्राचे इतके, राज्याचे इतके, या कारणाने इतके कापले. अहवाल आता संगणकावर भरला जातोच, म्हणजे आकडे सरकारजवळ आहेत. ज्या कर्मचाऱ्याला पगार मिळतो त्याला पगारचिठ्ठी मिळते. कामागणिक मोबदला घेणाऱ्या बाईला तिची गरज त्याहून जास्त आहे. तोवर जाणत्या गटप्रवर्तक आपल्या आशांना वहीत दोन रकाने आखायला सांगतात. डावीकडे महिन्यात केलेलं काम आणि त्याचा दर, उजवीकडे प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम आणि तारीख. सहा महिन्यांची अशी वही घेऊन पंधरा जणी तालुका कार्यालयात गेल्या की लेखापालाला फाइल उघडावी लागते.